एका जुन्या पिस्तुलाची साक्ष

इतिहासाच्या साधनांची चर्चा आपल्याकडे बहुधा कागदांपुरतीच होते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि तेव्हापासून दप्तरे, बखरी, महजर, शिक्के यांची पारख कशी करावी याचे एक शास्त्रच महाराष्ट्रात सिद्ध झाले. कागद खोटा असू शकतो, हे आता सामान्य वाचकासही पटले आहे. वस्तूंच्या बाबतीत मात्र आपण अजून भाबडे आहोत. एखादी तलवार, एखादे चिलखत, एखादी बंदूक समोर ठेवली म्हणजे तिच्याबरोबर आलेली गोष्टही आपण निमूटपणे स्वीकारतो. वस्तू काही खोटे बोलणार नाही, असे आपणांस वाटते. वस्तू खोटे बोलत नाही हे खरेच. पण ती आपण होऊन खरेही बोलत नाही. तिला नेमके प्रश्न विचारावे लागतात, आणि ते कोणते हे ठाऊक नसले म्हणजे तिच्या तोंडी आपण आपलेच शब्द घालतो. हे विवेचन एका अगदी लहानशा उदाहरणाने करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मुळशी तालुक्यात वाळकी नदीच्या खोऱ्यात कोळवण नावाचे गाव आहे. तिकोना किल्ल्याकडून येणारी वाट हडशीवरून याच खोऱ्यात उतरते. या गावचा एक तरुण काही वर्षांपूर्वी माझा विद्यार्थी होता. मुळशी सत्याग्रहास शंभर वर्षे झाली त्या सुमारास तो एके दिवशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले एक पिस्तूल घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या घरची परंपरा अशी की, सत्याग्रहाच्या धामधुमीत त्याच्या पणजोबांनी धरणाच्या कामावरील एका गोऱ्या साहेबाच्या हातून हे पिस्तूल हिसकावून घेतले. गावातील काही मंडळी शाळेत एक लहानसे प्रदर्शन भरविणार होती; त्यात हे पिस्तूल ठेवावयाचे होते, आणि त्याखालची चिठ्ठी मी लिहून द्यावी, एवढीच त्याची विनंती होती. “सर, चार ओळी पुरेत,” तो म्हणाला. त्या चार ओळी लिहिण्यास मला दोन महिने लागले.

ज्या सत्याग्रहाशी हे पिस्तूल जोडले गेले होते, तो काही साधा प्रसंग नव्हे. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या जलविद्युत् योजनेसाठी धरण बांधण्याचे ठरले आणि मुळशी पेट्यातील कित्येक गावांवर पाण्याखाली जाण्याची पाळी आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या बरोबरीने होते. लढा १९२४ पर्यंत चालला, बापटांना सात वर्षांचा तुरुंगवास घडला, आणि अखेर धरण झाले. धरणामुळे उठलेल्या लोकांनी उभारलेल्या लढ्यांपैकी हा आपल्या देशातील अगदी पहिल्यांपैकी एक होय. अशा लढ्याच्या नावावर एखादी वस्तू मांडावयाची, तर ती निर्दोष असली पाहिजे. एक खोटी वस्तू शेजारच्या दहा खऱ्या वस्तूंना संशयित करते.

पिस्तूल हाती घेताच पहिली गोष्ट कळली ती ही की, ते दारूचे नव्हतेच. ते हवेचे पिस्तूल होते. आपल्या जत्रांतून फुगे फोडण्यासाठी जी छऱ्याची बंदूक ठेवलेली असते, तिच्याच जातीचे. सांगाड्यावर बर्मिंगहॅमच्या ‘वेब्ली अँड स्कॉट’ या कारखान्याचे नाव होते आणि त्याखाली ‘सीनियर’ असा शब्द कोरलेला होता. परंपरेचा उगमही बहुधा या नावातच असावा. कारण वेब्लीचे रिव्हॉल्व्हर १८८७ पासून ब्रिटिश सैन्यात अधिकृतपणे रुजू होते, आणि हिंदुस्थानात गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला जे हत्यार दिसे ते पुष्कळदा याच नावाचे असे. कोणी इंग्रजी वाचणाऱ्याने कधीतरी हे नाव वाचले असेल, ‘हे तर साहेबाचे पिस्तूल’ असे म्हटले असेल, आणि उरलेली गोष्ट काळाने रचली असेल.

परंतु या कारखान्याने आपले पहिले हवेचे पिस्तूल बाजारात आणले ते १९२४ साली. जॉन्स्टन आणि फर्न या दोघांच्या पेटंटावरून ते घडविलेले होते. त्यानंतर १९२५ च्या सुमारास त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती, १९२९ साली लहान ‘ज्युनियर’ आणि १९३० साली ‘सीनियर’ असा त्यांचा क्रम आहे. म्हणजे ज्या वर्षी मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसले, त्या वर्षी हे पिस्तूल या पृथ्वीवर कोठेच नव्हते. आणि ज्या वर्षी ते प्रथम विक्रीस आले, त्या वर्षी लढा संपून सहा वर्षे लोटली होती. एका शब्दाने शंभर वर्षांची परंपरा कोसळली. येथेच लेखणी खाली ठेवता आली असती. पण एखादी वस्तू काय नाही एवढे सांगून इतिहासकाराची सुटका होत नाही. ती काय आहे हेही त्याने सांगावयास हवे. म्हणून या जातीच्या पिस्तुलांची थोडी कुळकथा पाहू.

हवेच्या दाबाने गोळी फेकण्याची युक्ती जुनी आहे. मध्य युरोपात अठराव्या शतकात दस्त्यात भाता बसविलेल्या बंदुका होत्या. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने भाता मिटे आणि त्या फुंकरीने बारीक बाण उडे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेमबाजी खेळण्यासाठी त्यांचा उपयोग होई. दुसरा प्रकार साठविलेल्या हवेचा. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची अशी बंदूक स्वीकारली होती, आणि तिच्याच जातीची एक बंदूक पुढे अमेरिकेत ल्युइस व क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेत बरोबर होती. तिसरा प्रकार म्हणजे स्प्रिंग आणि दट्ट्या यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलाद स्वस्त झाले, यंत्रावर सारख्या मापाचे भाग निघू लागले, आणि या प्रकाराने पहिल्या दोघांना मागे टाकले. त्याला भाता नको, हवेची टाकी नको. प्रत्येक बाराच्या वेळी हाताने स्प्रिंग दाबावयाची, की काम झाले.

मात्र या पिस्तुलांचा प्रसार केवळ यंत्रविद्येमुळे झाला असे समजणे चुकीचे होईल. त्यांच्या मागे कायदा उभा आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात राज्यकर्त्यांना आपल्याच प्रजेच्या हातातील शस्त्रांची धास्ती वाटू लागली. इंग्लंडात १९२० साली शस्त्रांचा कायदा झाला आणि दारूच्या पिस्तुलासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. साध्या हवेच्या हत्यारांना मात्र त्यातून सूट राहिली. रिव्हॉल्व्हरे घडविणाऱ्या कारखान्यांचे घरचे गिऱ्हाईक आटले. वेब्लीचे १९२४ चे पिस्तूल हे या परिस्थितीचे अपत्य आहे. जर्मनीत व्हर्सायच्या तहाने शस्त्रांच्या धंद्याला लगाम घातला होता. तेथेही झूल गावच्या हेनेल कारखान्याने आणि राष्टाट येथील ‘डायाना’ या छापाच्या कारखान्याने हवेची पिस्तुले काढली.

आपल्याकडे याची आठवण अधिक बोचरी आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, ज्या १८७८ साली देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा झाला, त्याच साली हत्यारांचा कायदाही झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा अपराध ठरला. आणि युरोपियनांना त्यातून सूट असल्यामुळे तो केवळ सुरक्षेचा प्रश्न न राहता मानहानीचा प्रश्न बनला. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करावा असा ठराव केला. ज्या महाराष्ट्रात घरोघरी ढाल-तलवार खुंटीला असे, तेथे दोन पिढ्यांत शस्त्र ही परक्याच्या कमरेला दिसणारी वस्तू झाली. असा समाज हाती आलेल्या खेळवजा पिस्तुलासही हत्याराचा मान देतो आणि त्याभोवती पराक्रमाची कथा गुंफतो, यात नवल ते काय? त्या कुटुंबाने खोटे रचले असे मला एक क्षणभरही वाटले नाही. निःशस्त्र केलेल्या लोकांची ती एक प्रकारची भरपाई होती. पण भरपाई म्हणजे पुरावा नव्हे.

आता या पिस्तुलाच्या गुणदोषांकडे वळू. वेब्लीच्या रचनेत नळी वर आणि दट्ट्याचे नळकांडे खाली, अशी दोन्ही एकावर एक असतात. नळीची बिजागरी पुढच्या टोकास असून मागच्या टोकास ती एका खिटीने अडकविलेली असते. खिटी सोडून नळी वर उचलीत पुढे नेली, की तिला जोडलेला दांडा दट्ट्याला पुढे ओढतो आणि स्प्रिंग दाबली जाते. छर्रा नळीच्या मागच्या तोंडात बसवून नळी पुन्हा खाली आणावयाची. चाप ओढताच दट्ट्या मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या दिशेने, धावतो. दबलेली हवा एका लहान छिद्रातून वर येऊन छऱ्याच्या पाठीवर आदळते. या उलट्या मांडणीमुळे आखूड पिस्तुलातही नळी पुरेशी लांब ठेवता येते, ही तिची मोठी युक्ती.

याच युक्तीत एक अडचण आहे. दारूच्या हत्याराचा धक्का मागे बसतो. येथे दट्ट्या मागे धावत असल्यामुळे पिस्तूल आधी किंचित पुढे ओढले जाते आणि दट्ट्या थांबताच उलट हिसका बसतो. ही सारी धडपड छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच सुरू झालेली असते. छऱ्याचा वेगही बेताचाच, सेकंदास तीनशे ते चारशे फुटांच्या आसपास. म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे तृतीयांश. परिणामी तो नळीत रेंगाळतो, आणि त्या अवधीत मूठ जशी धरली असेल तसे पिस्तूल हलते. घट्ट आवळली तर एकीकडे, सैल धरली तर दुसरीकडे. म्हणून ‘हे पिस्तूल नेम धरीत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम आपली मूठ तपासावी. दहा वेळा एकाच प्रकारे, हलक्या हाताने धरणे ज्याला जमते, त्यालाच या पिस्तुलाचा खरा स्वभाव कळतो.

जुन्या पिस्तुलाची प्रत पारखताना बाहेरचा झिलईचा रंग हा सर्वांत कमी महत्त्वाचा. गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठी तो नव्याने चढविता येतो. आणि चढविताना जर अक्षरांच्या कडा घासून बोथट झाल्या असतील, तर तेथेच शंका घ्यावी. मूळ निळसर रंग हाताच्या घामाने जेथे उडावयास हवा तेथेच उडालेला असेल, तर ते झिजणे प्रामाणिक होय. यानंतर बिजागरी पाहावी. नळी बंद करून बोटांनी डावीउजवीकडे हलविली असता ती जराही हलता कामा नये. कारण पुढची माशी नळीवर असते, आणि नळी दर वेळी निराळ्या जागी बसू लागली तर बाकी सारे गुण व्यर्थ होत. मग चाप पाहावा. तो एकाच वजनाला, एकाच जागी सुटतो का? कोणी घरगुती कारागिराने कानस लावून तो हलका केला असेल, तर पिस्तूल केव्हाही उडण्याचा धोका असतो.

त्यानंतर आतला भाग. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली स्प्रिंग मरते. तिची लांबी कमी होते आणि वेग उतरतो. दट्ट्याला हवा कोंडण्यासाठी वेब्लीत धातूचे कडे असते, तर अनेक जर्मन पिस्तुलांत चामड्याची वाटी असते. चामडे सुकले म्हणजे हवा निसटते. ते मऊ करण्यासाठी हाती लागेल ते तेल ओतणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. पण दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेट घेते, एखादा बार भलत्याच जोराने सुटतो आणि स्प्रिंगचे आयुष्य घटते. असेच दुसरे पाप म्हणजे छर्रा न घालता चाप ओढणे. छर्रा असला म्हणजे त्याच्यामागे कोंडलेली हवा दट्ट्याला गादीसारखी झेलते. तो नसला म्हणजे दट्ट्या सरळ धातूवर आपटतो. घरातील मुलांनी रिकाम्या पिस्तुलाचा खेळ केला असेल, तर त्याची खूण आत सापडतेच. शेवटी नळी उजेडाकडे धरून आतील आटे पाहावेत. ते स्वच्छ व अखंड असले म्हणजे छऱ्याला फिरकी मिळते. मात्र आटे नाहीत म्हणून लगेच नळी झिजली असे म्हणू नये. लहान ज्युनियर पिस्तूल आरंभी मुळातच साध्या, बिनआट्यांच्या नळीचे होते. जी वस्तू ज्यासाठी घडली, त्याच मापाने तिला मोजावे.

नावाच्या छापावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्टाटच्या कारखान्याची यंत्रसामग्री व ‘डायाना’ हा छाप नुकसानभरपाईच्या रूपाने ब्रिटनकडे गेला, आणि स्कॉटलंडात मदरवेल येथे मिल्ब्रो कंपनीने त्याच नावाने माल काढला. मूळ जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये आपला माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकावा लागला. म्हणजे ‘डायाना’ नाव असलेले पिस्तूल जर्मन असेलच असे नाही, आणि ते नाव नसलेले अस्सल असू शकते. कागदांच्या चिकित्सेत शिक्क्याविषयी आपण जो विवेक बाळगतो, तोच येथे लागू आहे.

चित्राची साक्षही अशीच फसवी. १९६३ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी नट शॉन कॉनरी यांची जी छायाचित्रे जगभर गाजली, त्यांत त्यांच्या हाती वाल्थर कारखान्याचे ‘एल. पी. ५३’ हे हवेचे पिस्तूल आहे. ठरलेले पिस्तूल आणावयाचे राहून गेले होते, आणि डेव्हिड हर्न या छायाचित्रकाराजवळ नेमबाजीच्या हौसेपायी हे होते. तेच वापरले गेले. कोट्यवधी लोकांनी ते गुप्तहेराचे जीवघेणे हत्यार म्हणून पाहिले. जेथे जगाची ही गत, तेथे कोळवणच्या एका घराला कोण हसणार?

आता अचूकपणाची कसोटी. येथे दोन गुण नेहमी एकमेकांत मिसळले जातात, ते वेगळे केले पाहिजेत. दहा छर्रे एकमेकांजवळ पडणे हा एक गुण. ते लक्ष्याच्या मध्यावर पडणे हा दुसरा. पहिल्याला आपण एकवाक्यता म्हणू, दुसऱ्याला यथार्थता. ज्या पिस्तुलाचे छर्रे सर्वत्र विखुरतात त्याच्यात दोष खोल आहे. परंतु ज्याचे छर्रे एका ठिकाणी गोळा होतात, पण मध्यापासून दूर, ते पिस्तूल चांगले आहे. त्याची फक्त माशी किंवा मागची खाच सरकलेली आहे. जत्रेतील बंदुकीविषयी ‘मालकाने माशी वाकवून ठेवली आहे’ असे जे लोक म्हणतात, ते खरे असेल तर ती बंदूक प्रामाणिक आहे. दोन फुगे चुकल्यावर शहाणा माणूस तिसऱ्या वेळी बाजूला नेम धरतो.

कसोटी घेण्याचीही एक रीत आहे. तीन छर्रे जवळ पडले म्हणून हुरळून जाऊ नये. तीन हा योगायोगाचा आकडा आहे. छऱ्यांची संख्या वाढली म्हणजे घोळका पसरतोच, म्हणून एकाचे तीन आणि दुसऱ्याचे दहा यांची तुलना करू नये. किमान दहा छर्रे, एकाच डबीतील, एकाच अंतरावरून. हात वाळूच्या पिशवीवर टेकलेला, पण पिस्तूल पिशवीवर नव्हे, कारण टणक आधारावर ठेवलेले स्प्रिंगचे पिस्तूल उसळते. मग तोच प्रयोग दुसऱ्या माणसाच्या हाताने आणि दुसऱ्या दिवशी. दोघांचा घोळका एकाच बाजूस पडला तर दोष पिस्तुलाचा. निरनिराळ्या बाजूंस पडला तर हातांचा. छऱ्यांच्या दोन-तीन जाती वापरून पाहाव्यात. डमरूसारखा मध्ये आवळलेला छर्रा प्रत्येक नळीला सारखाच मानवत नाही.

आमच्या पिस्तुलाची नळी मोजली ती ४.५ मिलिमीटर भरली. ही मोजणी केवळ हौसेची नव्हती. १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ज्या हवेच्या हत्याराची नळी ४.५ मिलिमीटरहून मोठी किंवा ज्याची शक्ती वीस जूलहून अधिक, ते परवान्याच्या कक्षेत येते. सीनियर पिस्तूल ५.५ मिलिमीटरच्या नळीतही निघत असे. तसे निघाले असते तर प्रयोग तेथेच थांबवून पोलीस ठाण्याची वाट धरावी लागली असती. एका जाणत्या कारागिराकडून ते उघडून स्वच्छ करविले, मागे जाड फळ्या व जुनी सतरंजी लावली, डोळ्यांवर चष्मे चढविले, आणि परसात सहा मीटरांवर कागद टांगला.

पहिल्या दहा छऱ्यांनी चहाच्या बशीएवढी जागा व्यापली. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मग हात टेकून, मूठ सैल धरून त्याने पुन्हा दहा छर्रे सोडले. ते रुपयाच्या नाण्याहून थोड्याशा मोठ्या जागेत गोळा झाले, पण मध्यापासून तीन बोटे डावीकडे. मी सोडलेलेही डावीकडेच पडले, मात्र अधिक विखरून. हा माझ्या वयाचा दोष. कोणे एके काळी ते पिस्तूल पडून पुढची माशी किंचित कलली होती. ऐंशी-नव्वद वर्षांचे हे यंत्र, स्प्रिंग थकलेली, तरी त्याची एकवाक्यता शाबूत होती. त्याच्या कारागिरांविषयी आदर वाटावा असाच तो कागद होता.

तथापि त्या कागदाकडे पाहताना मला पिस्तुलापेक्षा त्या घरच्या परंपरेचाच विचार सुचला. त्या घरातील चुलते, आत्या, मावसभाऊ अशा सर्वांना मी विचारून पाहिले होते; सर्वांनी तीच हकीकत त्याच शब्दांत सांगितली होती. आपण अशा एकवाक्यतेला पुरावा समजतो. पण दहा छर्रे एकाच ठिकाणी पडले म्हणून ते मध्यावर पडले असे होत नाही. एकाच वाकलेल्या माशीवरून दहाही जणांनी नेम धरलेला असतो. दहा साक्षीदार एकाच मुखातून ऐकलेली गोष्ट सांगत असतील, तर ते दहा नव्हेत, एकच होत. आणि जसा घट्ट घोळका पिस्तूल फेकून देण्याचे कारण नसून माशी तपासण्याचे कारण आहे, तशीच घट्ट परंपराही टाकून देण्याजोगी नसते. ती किती आणि कोणत्या बाजूला सरकली आहे हे शोधावयाचे असते.

एवढे मनाशी ठरवून मी कोळवणास गेलो. विद्यार्थ्याचे वडील ओसरीवर बसले होते. मी सालांचा हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी आमचा आज्या खोटं बोलला व्हय, गुरुजी?”

मी म्हटले, “आज्याने स्वतः तुम्हांला असे कधी सांगितले होते का?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “न्हाई. आज्या त्याबद्दल काईच बोलत नव्हता. आमच्या चुलत्यानं सांगितलं. आजीचं माहेर पान्याखाली गेलं, एवढं मात्र आज्या सांगायचा. हे जातं तिथलं. पानी चढायच्या आधी गाडीत घालून आनलं.” आणि त्यांनी कोपऱ्यातील जात्याकडे बोट दाखविले. त्यावर रिकामी पोती रचलेली होती.

परंपरा कोणत्या बाजूला सरकली होती, ते त्या क्षणी कळले. त्या घराचा धरणाशी संबंध होता, तो खरा होता, आणि तो पिस्तुलाच्या द्वारे नव्हता. ज्या वस्तूत शौर्य दिसत होते तिच्याकडे गोष्ट ओढली गेली होती, आणि जिच्यात केवळ दुःख होते ती वस्तू पोत्यांखाली पडली होती. पिस्तूल त्या घरात कोठून आले, ते सांगण्यास आधार नाही. म्हणून मी ते सांगितले नाही.

प्रदर्शनासाठी मी दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. पहिली: ‘हवेचे पिस्तूल, वेब्ली सीनियर, बर्मिंगहॅम; १९३० किंवा त्यानंतरचे. मुळशी सत्याग्रहाशी संबंध नाही.’ दुसरी: ‘दगडी जाते. मुळशी धरणात बुडालेल्या गावातून पाणी चढण्यापूर्वी आणलेले; घरच्या माणसांच्या सांगण्यावरून.’ दुसऱ्या चिठ्ठीतील शेवटचे शब्द मी मुद्दाम घातले, कारण तेही ऐकीवच आहे, आणि वाचणाऱ्याला ते कळले पाहिजे.

त्याच मुळशी तालुक्याच्या कडेला, म्हाळुंगे-बालेवाडी येथील क्रीडासंकुलात, आज आपली मुले-मुली दहा मीटरांवरून साडेअकरा मिलिमीटरच्या वर्तुळावर नेम धरतात. हवेच्या पिस्तुलाचा हा प्रकार १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. १९६५ साली जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कारखान्याने धक्का गिळणारे स्प्रिंगचे पिस्तूल काढून या खेळाला नवे वळण दिले. आता स्पर्धांत स्प्रिंगही गेली आणि साठविलेली हवा आली, म्हणजे चक्र पुन्हा जिरार्दोनीच्या युक्तीपाशी आले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली पंचवीस मीटर पिस्तुलात विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेचे. ज्या प्रांताच्या हातून कायद्याने शस्त्र काढून घेतले होते, त्याच्या मुली आज हिशेबी हाताने ते चालवितात. या खेळाडूंकडून इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट शिकावी. स्पर्धेपूर्वी ते काही छर्रे केवळ पारखण्यासाठी सोडतात. ते गुणांत धरीत नाहीत. नेम कोठे सरकला आहे ते पाहतात, खाच फिरवितात, आणि मगच मोजणीला आरंभ करतात.

प्रदर्शन झाल्यावर विद्यार्थ्याचे पत्र आले. लहान मुलांनी पिस्तुलाभोवती गर्दी केली, म्हाताऱ्या बायका जात्यापाशी थांबल्या, असे त्याने लिहिले होते. त्यांच्यातील दोघींचे आजोळही पाण्याखाली गेलेल्या गावांतील निघाले. त्यांची नावे आणि त्यांनी सांगितलेल्या हकीकती, कोणी कोणाकडून ऐकल्या याच्या नोंदीसह, त्याने वहीत उतरून घेण्यास आरंभ केला आहे.